जकातीचे देणे आणि घेणाऱ्याचा हक्क

इस्लामच्या पाच स्तंभांत नमाजच्या पाठोपाठ जकातीचे नाव येते. वर्षभर हाताशी राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, हा गरजूंचा हक्क मानलेला आहे. तो दिल्याने कोणावर उपकार होत नाहीत, आणि ठेवून घेतला तर दुसऱ्याचे पैसे अडवल्यासारखे होते. एका जमातीतले लोक एकमेकांचे भाऊ आहेत, या म्हणण्याला व्यवहारात वजन येते ते या हिशेबामुळे.

हिशेब काटेकोर आहे. साडेसात तोळे सोने (८७.४८ ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (६१२.३६ ग्रॅम) ही किमान मर्यादा, म्हणजे निसाब. तेवढी मालमत्ता हाती येऊन एक चांद्र वर्ष झाले की जकात लागू होते. समजा, घरात आठ लाखांचे दागिने आहेत, बँकेत दोन लाख आहेत आणि एक लाखाची उधारी फेडायची आहे. तर उरलेल्या नऊ लाखांवर साडेबावीस हजार रुपये निघतात. राहते घर यात धरत नाहीत. मुंबईलगतच्या मीरा रोडसारख्या बिल्डिंगांच्या गावात मात्र प्रश्न तिथेच संपत नाही. नफ्याने विकण्यासाठीच घेतलेला दुसरा फ्लॅट व्यापाराचा माल ठरतो आणि बाजारभावाने मोजला जातो. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची किंमत सुटते, साठलेले भाडे तेवढे हिशेबात येते. घरमालकाकडे ठेवलेल्या हेवी डिपॉझिटवर जकात भाडेकरूने द्यायची का, यावर मुफ्तींची मते वेगवेगळी पडतात.

मीरा रोड स्टेशनच्या पूर्वेला असलेल्या नया नगरमध्ये एकाच मजल्यावर हे नियम बदलू शकतात. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेली बहुसंख्य सुन्नी कुटुंबे हनफी पंथाची. त्यांच्या घरी बाईच्या अंगावरच्या बांगड्यांवरही जकात निघते. शेजारचे कोकणी कुटुंब शाफई असते, आणि त्या पंथाच्या प्रचलित मतानुसार नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांना सूट आहे. ईदच्या नमाजाआधी माणशी द्यायचा फितरा हनफींमध्ये रोख चालतो. शाफई मतात तो धान्याच्या रूपातच द्यायचा. शिया घरांमध्ये मुख्य देणे खुम्सचे: वर्षाचा घरखर्च भागून जे उरेल त्याचा पाचवा हिस्सा. त्यातला अर्धा भाग मरजा (ज्येष्ठ धर्मपंडित) किंवा त्यांच्या प्रतिनिधीमार्फत धर्मकार्याला जातो आणि अर्धा गरजू सय्यदांना.

जकात कोणाला द्यायची हे कुराणाच्या तौबा या सूरेतील ६० व्या आयतीने ठरवून दिले आहे. फकीर, मिस्कीन, कर्जात बुडालेले, वाटेत अडकलेले प्रवासी असे आठ वर्ग तिथे येतात. आईवडील आणि मुले यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणे हे कर्तव्यच आहे. गरीब भाऊ-बहिणीला मात्र देता येते, आणि तसे देणे अधिक पुण्याचे समजतात. हनफी मतात आणखी एक अट आहे, तमलीकची: रक्कम घेणाऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली पाहिजे. म्हणून जकातीतून मशिदीची भिंत बांधता येत नाही की इमामाचा पगार देता येत नाही. त्यासाठी ऐच्छिक सदका आहे, आणि तो मुसलमान नसलेल्या शेजाऱ्यालाही देता येतो. तमलीकचा अर्थ खोल आहे. मालकी घेणाऱ्याची झाली की पैशाचे काय करायचे हे ठरवणारा तोच. तेल-डाळ-साखरेच्या रेशन किटचे ढीग रचून वाटप करताना हा अधिकार बहुधा देणाऱ्याच्याच हाती राहतो. ज्या विधवेला या महिन्याचे भाडे भरायचे आहे, तिला तेलाच्या पिशव्यांचा काय उपयोग?

द्यायचे किती, हे शास्त्राने पैशापर्यंत सांगितले. घेणारा कोण, हे ओळखायचे काम त्याने माणसांच्या आपसातल्या परिचयावर सोडले. मीरा रोडमध्ये नेमका हा परिचय विरळ आहे. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या मोहल्ल्यांतून अनेक कुटुंबे इथे आली. नंतर स्वस्त घरांच्या शोधात आणखी आली. मोहल्ल्यात कोणाची चूल पेटली नाही हे शेजारणीला कळत असे. फ्लॅटच्या बंद दारामागे नोकरी गेलेला, पण हात पसरायला लाजणारा सफेदपोश माणूस कोणाला दिसत नाही. रमजानमध्ये दिसतात ते दूरच्या मदरशांचे सफीर, म्हणजे देणगी गोळा करणारे, पावतीपुस्तक घेऊन मशिदीच्या दाराशी उभे. त्यांची गरज खरी असते. तरीही बोलता येणाऱ्याला मिळते आणि न बोलणारा राहून जातो, हा अन्याय आहे.

यावर सरकारने जकात गोळा करावी हा उपाय पाकिस्तानने १९८० मध्ये करून पाहिला. बँक खात्यांतून थेट कपात सुरू झाली, शियांनी इस्लामाबादेत मोठे आंदोलन केले आणि त्यांना सूट द्यावी लागली. पंथापंथांचे नियम इतके वेगळे असताना एकच कात्री सगळ्यांना लावली की असेच होणार.

याहून बरा मार्ग वस्तीतल्या समितीचा, म्हणजे बैतुलमालचा. पैसा एका जागी आला तर एका कुटुंबाला पाच किटऐवजी वर्षाची फी किंवा शिलाई मशीन देता येते. मात्र पैसा एकत्र आला की हिशेबाचा प्रश्न येतोच. मुंबईत तो शंभर वर्षांपूर्वी न्यायालयात गेला होता. दाऊदी बोहऱ्यांच्या चंदाभाई दर्ग्यातील गल्ल्याच्या पैशावरून खटला उभा राहिला आणि १९२१ मध्ये न्यायमूर्ती मार्टेन यांनी निकाल दिला की त्या पैशाचे धर्मगुरू हे विश्वस्त आहेत आणि हिशेबाला बांधील आहेत. ते पैसे नजराण्याचे होते, जकातीचे नव्हेत. जकात तर घेणाऱ्याचा हक्क, म्हणून तिथे हे बंधन अधिकच कडक हवे. नोंदणीकृत ट्रस्टला तपासलेले हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावे लागतात, पण तो कागद वस्तीतल्या माणसापर्यंत पोहोचत नाही. ईदनंतर मशिदीच्या फलकावर एवढे लागायला हवे: किती जमा झाले, किती घरांना आणि कशासाठी दिले, किती शिल्लक राहिले. घेणाऱ्यांची नावे त्यात नकोत.