एकांच्या रांगेतले गणित

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव निघाले की देवळालीच्या शाळेतले एक छांदिष्ट मास्तर आणि त्यांनी शोधलेल्या संख्यांच्या गमती, एवढ्यावर बोलणे संपते. १९२७ साली, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना, त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. परांजप्यांचे ते गणित आणि कापरेकरांचे ते मनोरंजन, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकली आहे. ती चुकीची आहे. मोठ्या संख्येच्या अंकांत दिसणारी शिस्त ही तिच्या घडणीत शिरण्याची वाट असते, आणि कापरेकर त्याच वाटेवर उभे होते.

त्यांच्या डेम्लो संख्यांपैकीच एक पाहू. नऊ एक ओळीने मांडून त्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संयुक्त संख्या मिळते. देखणेपण बाजूला ठेवून तिचे अवयव पाडू. १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून वर्गात यातला प्रत्येक मूळ अवयव दुप्पट वेळा येतो. आता १ ला ३३३६६७ ने भागून पाहा. उत्तर ०.०००००२९९७०००००२९९७… असे येते. नऊ अंकांचा गट पुन्हा पुन्हा फिरत राहतो. हा योगायोग नव्हे. नऊ एकांना ज्याने भाग जातो, त्या मूळ संख्येच्या व्यस्ताचे आवर्तन या नऊशी बांधलेले असते. वर दिसणारी रांग आणि आतला अवयव यांचे नाते इतके पक्के आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की हा सारा दशमान पद्धतीचा खेळ आहे. दहाऐवजी दुसरा पाया घेतला की जादू संपली. शिवाय दशमानातही दहा एकांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो आणि हातच्याने सगळी चढण-उतरण मोडते. आक्षेपातली वस्तुस्थिती खरी, निष्कर्ष मात्र खरा नाही. पाया बाराचा घेतला तर हीच रचना अकरा एकांपर्यंत टिकते. हातचा आल्यावर बिघडते ते फक्त संख्येचे बाह्य रूप. पंधरा एकांचे तीन-तीनचे पाच गट पडतात, म्हणून त्या संख्येला १११ ने भाग जाणारच. आणि हे कारण कुठल्याही पायात तसेच लागू पडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शिस्त सगळेच सांगत नाही. सतरा ही मूळ संख्या, त्यामुळे सतरा एकांचे समान गट पडत नाहीत. तरी ती संख्या संयुक्तच आहे, २०७१७२३ × ५३६३२२२३५७. एकोणीस एकांची संख्या मात्र मूळ आहे. रांगेकडे नुसते पाहून हा भेद कळत नाही, आकडेमोड करावीच लागते. जिथे अशी शिस्त मुळीच नाही, तिथे तर वाट फारच खडतर होते. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे अवयव २०२० साली, प्रचंड संगणकशक्ती खर्चून सापडले. इंटरनेटवरच्या गुप्ततेचा मोठा भार याच अवघडपणावर आहे. पण यातून कापरेकरांचे मोल घटत नाही, वाढते. संख्येतली शिस्त किती श्रम वाचवते, हे शिस्त नसलेल्या संख्येशी झुंजल्यावरच कळते.

आपल्या शाळांत अवयव पाडणे लसावि-मसाविपुरते उरले आहे. १११ म्हणजे ३ × ३७ हे मुलांना येते. तिथून नऊ एकांपर्यंत आणि पुढे आवर्ती दशांशापर्यंत जायला नवे काही शिकावे लागत नाही, फक्त ‘असे का?’ हा प्रश्न धरून ठेवावा लागतो. कापरेकरांनी तो आयुष्यभर धरला. त्यांचा गौरव करायचा तर त्यांच्या संख्या कोड्यांच्या सदरातून काढून गणिताच्या तासाला आणायला हव्यात.