हवाई छत्री

विमानाशी माझा संबंध आजवर फार दुरून आला. लहानपणी आवाज आला की अख्खी चाळ गॅलरीत धावायची आणि 'ते बघ, ते बघ' म्हणेपर्यंत विमान दिसेनासे व्हायचे. पुढे चार-दोनदा विमानात बसलोही. पण तेव्हा माझे सगळे लक्ष कमरेचा पट्टा आणि पुढ्यात येणारा खाऊचा डबा यांच्यात वाटले गेले होते. अशा माणसाने वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लढाऊ वैमानिक व्हावे, हे कुणाच्या पत्रिकेत लिहिलेले नसते. पण ज्याच्या नशिबी भाचा आहे त्याने पत्रिकेवर विसंबू नये.

भाचेबुवांचे मत असे की निवृत्त माणसाला एखादा नाद हवा. मी म्हटले, "मी रोज भाजी आणतो की." तो म्हणाला, "मामा, तो नाद नव्हे, तो मामीचा हुकूम." आणि पुढच्याच रविवारी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलाला एक काठी आवळून बसवली, खाली पायांशी रडरचे पेडल ठेवले आणि संगणकावर हवाई युद्धाचा खेळ चढवला. २००१ साली 'इल-२ स्टर्मोविक' नावाचा खेळ निघाला होता, त्याच घराण्यातला हा पुढचा अवतार. सौ.ने एकदा काठीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "अहो, ते दांडकं जेवायच्या वेळी निघतं ना?" एवढेच तिने विचारले. युद्धाला तिची तेवढीच हरकत होती.

पहिला धडा पहिल्या महायुद्धातल्या 'सॉपविथ कॅमल'वर झाला. या विमानाचे अख्खे इंजिनच पंख्याबरोबर गरगरा फिरते. त्यामुळे ते उजवीकडे असे झटकन वळते की शत्रू बघत राहतो. आणि नवशिक्या बसला असेल तर तो स्वतःच जमीन बघत राहतो. १९१७-१८ साली किती तरी शिकाऊ पोरे शत्रूचे तोंडही न बघता या कॅमलवरूनच गेली. त्या युद्धात ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीही देत नसत. मी पहिल्या संध्याकाळी अकरा वेळा मेलो. त्यांतले नऊ मृत्यू शत्रू आकाशात येण्याआधीचे होते.

विमान फिरकी खात पडू लागले की माणूस जिवाच्या आकांताने काठी पोटाशी ओढतो. तेच चुकते. इंजिन कमी करायचे, फिरकीच्या उलट बाजूचा पेडल दाबायचा आणि काठी पुढे, म्हणजे जमिनीच्याच दिशेने लोटायची. पंखांवर वारा धरला की मग विमान सावरते. "पडताना आणखी खाली बघायचं," भाचा म्हणाला. चौतीस वर्षे बँकेत नोकरी केल्यामुळे हे मला नवे नव्हते.

खरे तर बँकेच्या नोकरीचा मला फारच उपयोग झाला. भाचा तासभर 'एनर्जी, एनर्जी' म्हणत होता आणि माझ्या डोक्यात काही शिरत नव्हते. मग एकदम उजेड पडला. उंची म्हणजे मुदत ठेव. वेग म्हणजे खिशातली रोकड. सूर मारला की ठेव मोडून रोकड होते. वर चढलो की रोकडीची पुन्हा ठेव होते, थोडी घट सोसून. आणि गरागरा घट्ट वळणे घेणे म्हणजे लग्नकार्य. बघता बघता रोकडही संपते आणि ठेवही. नवशिक्या हटकून वळणांत पैसे उधळतो, आणि वर ठेव राखून बसलेला शहाणा सावकारासारखा खाली येऊन त्याची जप्ती करतो.

नेमबाजीचेही तसेच. विमान जिथे आहे तिथे गोळी मारायची नाही. गोळी पोचेपर्यंत ते जिथे असेल तिथे मारायची. ज्याने थांब्याच्या पुढे जाऊन उभ्या राहणाऱ्या बसमागे आयुष्य काढले आहे त्याला हे शिकवावे लागत नाही. फक्त लांबून गोळ्या उधळू नयेत. दोनशे मीटरांच्या आत जावे, समोरचे विमान काचेत मावेनासे झाले की थोडक्यात काम उरकावे.

इथवर सगळे ठीक होते. अडचण आली ती नीतीची.

हवाई लढाईचे पहिले नियम ओस्वाल्ड ब्योल्के नावाच्या जर्मन वैमानिकाने १९१६ साली घालून दिले. एकूण आठ. हल्ल्यापूर्वीच आपले पारडे जड करून घ्या, सूर्य पाठीशी ठेवा, जवळ गेल्याशिवाय गोळी झाडू नका, होता होईल तो पाठीमागून हल्ला करा, अशा थाटाचे. आजही नवशिक्याला साधारण हेच शिकवतात. म्हणजे शत्रूच्या डोळ्यांत ऊन असताना, त्याचे लक्ष नसताना, मागून जायचे! लहानपणी गोट्या खेळताना मी एका मुलाला मागून ढकलले होते, तेव्हा आईने मला जेवायला वाढले नव्हते. इथे त्याच कामाला शाबासकी होती.

मी भाच्याला म्हटले, "अरे, समोरासमोर लढावं. कुरुक्षेत्रावरसुद्धा आधी नियम ठरले होते. पळणाऱ्याला मारू नये, शस्त्र टाकलेल्याला मारू नये."

"मग पाळले का?" भाच्याने विचारले.

मला शिखंडी आठवला, कर्णाचे चाक आठवले, दुर्योधनाची मांडी आठवली. मी चहा मागवला.

तरी पाठीमागून मारण्याचे समर्थन मी हळूहळू मनाशी जमवले. समोरचाही त्याच कामाला निघालेला आहे. बेसावध राहायचे नाही हे त्यालाही ठाऊक आहे. बुद्धिबळात आपण घोडा आडून मारतोच, म्हणून कुणी सुतक पाळत नाही. खेळात शिरताना दोघांनी जे मान्य केले ते अन्याय नव्हे. हा मुद्दा मला पटला. आणि पटल्यावर माझी नेमबाजीही सुधारली, असे आपले वाटते.

दोन महिन्यांनी तो दिवस उगवला. भाचा त्याच्या घरून आणि मी माझ्या टेबलावरून, दोघे दुसऱ्या महायुद्धातली स्पिटफायर घेऊन आकाशात होतो. समोर खरी माणसे, आपापल्या देशांतून खेळणारी. खाली एक मेसरश्मिट एकटेच चालले होते. सूर्य माझ्या पाठीशी, ठेव भरपूर. मी उतरलो, दीडशे मीटरांवर गेलो आणि घोडा दाबला. त्याचा पंख तुटला. मी खुर्चीतून असा ओरडलो की सौ. स्वयंपाकघरातून लाटणे घेऊन बाहेर आली.

तेवढ्यात त्या विमानातून एक ठिपका सुटला आणि त्यावर पांढरी छत्री उमलली. मी वळलो. छत्री अगदी समोर, मधोमध आली. आणि मी पुन्हा घोडा दाबला.

कानातल्या यंत्रातून भाच्याचा आवाज थोडा वेळ आलाच नाही. मग तो म्हणाला, "मामा, छत्रीवर का मारलंस?"

मी हसून म्हटले, "अरे, खेळच आहे!"

"हो, खेळच आहे," तो म्हणाला, आणि त्या दिवशी लवकर उतरला.

वाचकहो, रात्री मला झोप आली नाही. माझी बाजू भक्कम होती. कुणीही मेले नव्हते. त्या खेळाडूने फार तर कपाळाला आठी घातली असेल, एक बटन दाबून नवे विमान घेतले असेल आणि तोंडातला घास गिळला असेल. कायदा म्हणावा तर तो खऱ्या युद्धाला लागू. १९४९च्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जी पहिली पुरवणी जोडली, तिच्या बेचाळिसाव्या कलमात म्हटले आहे की संकटातल्या विमानातून उडी मारलेल्यावर तो खाली येत असताना हल्ला करायचा नाही. (लढायलाच उतरणारे छत्रीधारी सैनिक त्यातून वगळले आहेत.) माझ्या जेवणाच्या टेबलावर जिनिव्हाचा अंमल चालत नाही. मग बोच कसली?

भाच्यानेच मागे सांगितलेली गोष्ट आठवली. २० डिसेंबर १९४३. अमेरिकेचे एक बी-१७ बॉम्बफेकी विमान जर्मनीवरून चाळणी होऊन परत चालले होते. एक तोफची मेलेला, बाकीच्यांतले बरेच जखमी. चार्ली ब्राउन नावाचा पोरसवदा वैमानिक ते कसेबसे रेटत होता. मागून फ्रान्झ श्टिगलर हा जर्मन वैमानिक आला. ब्योल्केच्या आठही नियमांनी ते सावज त्याचेच होते. जवळ जाऊन पाहिले तर फाटलेल्या पत्र्यातून आतली जखमी माणसे दिसली. श्टिगलरला त्याच्या वरिष्ठाने एकदा बजावले होते की छत्रीने उतरणाऱ्यावर गोळी झाडलीस तर मीच तुला पाडीन. श्टिगलरला वाटले, ही माणसेही छत्रीनेच उतरताहेत. त्याने गोळी झाडली नाही. समुद्रापर्यंत सोबत केली, सलाम ठोकला आणि मागे फिरला. बोलला असता तर लष्करी न्यायालय होते, म्हणून गप्प राहिला. १९९० साली हे दोघे म्हातारे एकमेकांना भेटले आणि २००८ साली, दोघेही गेले तोवर, मित्र राहिले.

श्टिगलरच्या पारड्यात जीव होता. माझ्या पारड्यात काय होते? हेच तर लक्षात आले. काहीच नव्हते. विमान पाडल्याची नोंद आधीच झाली होती. छत्रीतल्या माणसाकडून मला धोका नव्हता. खेळाने सांगितले नव्हते, कुणी बक्षीस लावले नव्हते. बुद्धिबळाचा माझा दाखला इथे लंगडा पडला. घोडा मारतो तो डाव जिंकायला. शह देऊन डाव संपल्यावर कुणी प्याद्याची मान मुरगाळत नाही. फायद्यासाठी केलेल्या गोष्टीला निदान फायद्याचे कारण असते, भीतीपोटी केलेलीला भीतीचे. दोन्ही नसताना माणूस जे करतो ती त्याची आवड. आणि खेळात शिक्षा नसते, म्हणून तिथे ती फार स्वच्छ दिसते.

मग मला नको ती आठवण झाली. वीस-बावीस वर्षांपूर्वी पेन्शनच्या खिडकीवर बसत होतो. एक म्हातारे गृहस्थ आले. हात कापायचा, म्हणून सही जुळेना. महिन्याची पहिली तारीख, मागे रांग. त्यांना आत बोलावून, साहेबांसमोर अंगठा घेऊन काम होण्यासारखे होते. पाच मिनिटांचे काम. मी म्हटले, "सही जुळत नाही. उद्या या." नियम माझ्या बाजूला होता. ते दुसऱ्या दिवशी आले. सही पुन्हा जुळली नाही. मी पुन्हा म्हटले, "उद्या या." त्यात माझा काय फायदा होता? काही नाही. ते माझे काय वाकडे करणार होते? काही नाही. ते आपले पांढरी छत्री घेऊन (खरीच होती, उन्हाची, कापड विटून पांढरे झालेली) पायऱ्या उतरले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी न बोलता त्यांचे काम करून दिले. तेव्हा मला बाईंचाच राग आला होता.

ते खरे आकाश होते आणि तिथे नवे विमान मिळायचे बटन नव्हते. खेळाने मला क्रूर केले असे मी म्हणणार नाही. मी काय घेऊन आत गेलो होतो ते फक्त मोठ्या अक्षरांत दाखवले. खोटे रणांगण खऱ्या माणसाला बिघडवते की नाही यावर विद्वानांनी वाद घालावा. माझ्यापुरते मी एवढेच सांगतो की आरसा खोटा असला तरी त्यात दिसणारे थोबाड खरे असते.

सकाळी भाच्याला फोन केला. म्हटले, "कालचं बरं नाही झालं."

"अरे मामा, त्याला काय!" तो म्हणाला, पण संध्याकाळी वेळेवर उडायला आला.

पुढच्या आठवड्यात योग आला. झाडांच्या शेंड्यांलगत बराच वेळ घिरट्या घालून मी एक विमान पाडले. त्यातून छत्री उमलली. मी बोट घोड्यावरून काढले. इतकेच करून थांबलो असतो तर बरे होते. पण मन भरून आले होते. मी छत्रीजवळून हळूच गेलो आणि श्टिगलरची आठवण ठेवून सलाम म्हणून पंख डावे-उजवे हलवले.

वळणांत रोकड केव्हाच संपली होती. ठेव तर नव्हतीच. विमान एक गिरकी खाऊन सरळ एका पाइनच्या झाडात शिरले. ज्याला जीवदान दिले तो छत्रीला लोंबकळत वरून हे सारे बघत असणार.

"मामा," कानात भाच्याचा आवाज आला. तो हसू दाबत होता. "माणुसकी दाखवावी रे. पण आधी उंची बघावी."

सौ. ताटे घेऊन आली. मी दांडके सोडून ठेवले.