कोणती सवय सोडवायची?

मी स्वमग्न आहे आणि मला ओसीडीही आहे. ओसीडीला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. दोन्हींत माणूस तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा करतो, म्हणून घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही सगळं एकाच खात्यात टाकावंसं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की कृती कशी दिसते यावरून तिचं खातं ठरत नाही. ती करण्याआधी मनात काय होतं आणि केल्यावर काय उरलं, यावरून ते ठरतं.

आमच्या स्वयंपाकघरात स्टीलचे डबे उंचीप्रमाणे लावलेले असतात. तांदूळ, तूरडाळ, मूगडाळ, साखर, शेवटी रवा आणि पोहे. सकाळी चहा उकळेपर्यंत मी ती ओळ हाताने सरळ करते. झाकणांचा गार स्पर्श मला आवडतो, ओळ जुळली की डोळे निवतात. मग चहा गाळायचा आणि कामाला लागायचं. डब्यांचा विचार दिवसभरात पुन्हा येत नाही.

त्याच ओट्यावर गॅसचं बटण आहे. ते बंद केलेलं मी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, बोटांना कळलेलं असतं. तरी दारापर्यंत पोचते आणि मनात येतं, ते अर्धवट राहिलंय, आई आत झोपलीय, जे होईल ते माझ्यामुळे होईल. परत जाते, बटण दाबून बघते. क्षणभर सुटल्यासारखं वाटतं. कुलूप हातात घेईपर्यंत तीच शंका पुन्हा उभी. यात मला आवडण्यासारखं काहीही नाही. बटण बंद आहे हे मला ठाऊक असतं आणि त्या ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही.

हे दोन्ही एकच समजण्याची पद्धत जुनी आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांविषयी लिहून स्वमग्नतेची ओळख वैद्यकाला करून दिली. सगळं जसंच्या तसं राहावं या त्या मुलांच्या आग्रहाचं वर्णन त्यांनी ओसीडीला शोभेल अशा भाषेत केलं. पुढे स्वमग्न मुलांच्या अशा वागण्यावर ओसीडीची औषधं वापरून पाहिली गेली. अमेरिकेत १४९ स्वमग्न मुलांवर सिटालोप्रामची चाचणी झाली. २००९ मध्ये निष्कर्ष आला, की पुनरावृत्ती कमी करण्यात ते औषध बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. याच गटातली औषधं ओसीडीवर मात्र प्रथम दिली जातात आणि अनेकांना त्यांचा गुण येतो. बाहेरून सारखं दिसणारं वागणं आतून एकाच कारणाने चालत नसावं, असं मला यातून दिसतं.

इथेच विषय संपला असता तर सोपं होतं. पण डबेसुद्धा बदलतात. गणपतीत आमच्या गल्लीत डीजे लागला की मी ओळ जास्त वेळ लावत बसते. तोवर ते माझं विसाव्याचंच काम असतं. एखाद्या दिवशी मात्र त्यात एक विचार शिरतो, की साखरेचा डबा वाकडा राहिला तर आईला काहीतरी होईल. डबे तेच असतात, ओळ तीच, हातही माझेच, पण मग ती ओळ मी आवडीने लावत नसते. बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे कुठल्याही कृतीवर कायमची चिठ्ठी चिकटवता येत नाही, त्या त्या वेळी विचारावं लागतं.

उपचारात या फरकाला फार महत्त्व आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून ओसीडीवरचा आजचा मुख्य मानसोपचार उभा राहिला. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला सामोरं जायचं, आणि भीती घालवण्यासाठी जे करतो ते करायचं नाही. काही वेळाने भीती ओसरते, किंवा ती असतानाही राहता येतं हे कळतं. बटणाच्या बाबतीत हे मला लागू पडतं. पण कणीक मळताना बोटांना चिकटलेलं पीठ मला सहन होत नाही, मी लगेच हात धुते. त्यात जंतूंची भीती नाही, अनिष्टाची शंका नाही, फक्त तो स्पर्श नकोसा आहे. तसंच बसवून ठेवलं तर ओसरायला तिथे भीतीच नसते, नुसता छळ होतो.

आणखी एक अडचण. या उपचारात विचारतात, शून्य ते शंभरपैकी किती भीती वाटते? अनेक स्वमग्न माणसांना स्वतःची भावना नीट ओळखताच येत नाही, मग तिला आकडा कुठून देणार? माझ्या समुपदेशकांनी प्रश्न बदलला. मागे न वळता जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत जाता येईल, असं त्या विचारतात. याचं उत्तर मला देता येतं.

घरच्यांची पंचाईत मला कळते. ‘आई, गॅस बंद आहे ना गं?’ असं मी विचारते तेव्हा ‘हो गं बाई, बंद आहे’ हे उत्तर मायेचं असतं, पण त्याने शंकेलाच खतपाणी मिळतं. ते हळूहळू कमी करावं लागतं, तेही माझ्याशी आधी बोलून. ‘उद्या किती वाजता निघायचं?’ हे मी तितक्याच वेळा विचारते. त्याचं उत्तर मात्र द्यायलाच हवं, आणि कॅलेंडरवर लिहून ठेवलं तर आणखी बरं. एकदा वेळ पक्की कळली की मी शांत होते.

तुमच्या घरात असं कोणी असेल, तर डॉक्टरांकडे जाताना सोडवायच्या सवयींची यादी त्याच्या पाठीमागे करू नका. त्याला शेजारी बसवा आणि एकेका गोष्टीबद्दल विचारा, हे करून तुला बरं वाटतं की नाही केलं तर भीती वाटते? बोलून सांगता येत नसेल तर निरखून बघा, ते केल्यावर तो निवांत होतो की आणखी कासावीस. ज्याने त्याला विसावा मिळतो आणि कुणाला इजा होत नाही, ते यादीतून खोडून टाका.