अंथरूणच कर्जाचं असेल तर?

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत,’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण अंथरूणच कर्जाचं असेल तर?

समजा, ८.५ टक्के दराने ५० लाखांचं गृहकर्ज घेतलं, मुदत २० वर्षं. हप्ता साधारण ४३,४०० रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४०० व्याजातच जातात. दर तोच राहिला आणि दरमहा ५,००० जास्त भरले, तर कर्ज जवळपास साडेचार वर्षं आधी फिटतं.

गणित चोख आहे. फक्त ते ५,००० कुठून काढायचे, हे गणित सांगत नाही. नवा मोबाइल, बाहेरचं जेवण, मुलीचा पोहण्याचा क्लास, गावी आईकडे जायचं तिकीट: बँकेच्या लेखी सगळं सारखंच. घरात मात्र तसं नसतं. मोबाइल तीन वर्षांनीही घेता येईल. सहा वर्षांची मुलगी तोवर नऊची होईल, आणि आईचं वय थांबणार नाही.

काटकसर हा गुण आहेच; नोकरी गेली तर त्याची किंमत कळते. पण काटकसर ठरवतो कोण आणि सोसतो कोण, हेही विचारायला हवं. कर्जाच्या कागदावर सही करणारा स्वतःचा चहा सोडतो, ती काटकसर. न विचारता तो दुसऱ्याचं बालपण किंवा म्हातारपण कापतो, तेव्हा तो आणखी एक कर्ज काढत असतो. बँकेचं कर्ज मुदतीआधी फेडता येतं. या दुसऱ्याला मुदतवाढ मिळत नाही.