मातीचे पाच गोळे

नदी देवाने केली आणि तळे माणसाने खणले, हा भेद आपल्या धर्मशास्त्रकारांनी केवळ ओळखला होता असे नव्हे, तर त्यावर त्यांनी एक विलक्षण नियम उभारला होता. जे जलाशय कोणी खणले नाहीत त्यांना त्यांनी 'देवखात' म्हटले आणि स्नानासाठी ते निःशंकपणे योग्य ठरविले; परंतु परक्याने खणविलेल्या तळ्यात स्नान करू नये, केल्यास खणविणाऱ्याच्या पापाचा अंश अंगाला लागतो, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने यातून वाट काढली ती अशी की, परक्याच्या पाण्यात उतरायचेच झाले, तर आधी तळाच्या मातीचे पाच गोळे काढून बाहेर टाकावेत. (हा नियम सांगणाऱ्या ऋषीच्या पोटात पाटबंधारे खात्यातला एखादा जुना कारकून दडलेला असावा, अशी मला नेहमी शंका येते, कारण न्हाणारा प्रत्येक जण एवढा गाळ उपसू लागला, तर कोणते तळे भरून येईल?)

सोपाऱ्यापासून डहाणूपर्यंतच्या आमच्या या किनारपट्टीला तळी खणविणाऱ्यांची ओळख फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख आहे, त्यात शूर्पारकासह (म्हणजे सोपाऱ्यासह) चार स्थळी त्याने उभारलेल्या धर्मशाळा, त्याने करविलेल्या बागा, तळी व विहिरी आणि दमण, डहाणुका इत्यादी नद्यांवर त्याने ठेवलेल्या फुकट नावा यांची नोंद एखाद्या इनामदाराच्या दफ्तरासारखी तपशीलवार आहे. बागेसाठी त्या लेखातला शब्द आहे 'आराम', आणि तो तडागाला चिकटूनच येतो. संस्कृतातला आराम म्हणजे उपवन, फारसीतला आराम म्हणजे विश्रांती. आज नगरपरिषदेच्या बागेत बाकावर आडवे झालेले गृहस्थ फारसीचा पक्ष घेतात, एवढेच.

आता प्रश्न असा की, माणसाने खणलेले पाणी पवित्र होते तरी कशाने? शास्त्राचे उत्तर आहे, उत्सर्गाने. सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी या विषयावर 'उत्सर्गमयूख' हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. मत्स्यपुराणातील तडागविधीत सोन्याचे कासव व मगर, चांदीचे मासे, तांब्याचे खेकडे व बेडूक पाण्यात सोडावयास सांगितले आहेत. अन्यत्र गाय पाण्यात उतरवून पैलतीरी नेण्याचा विधी आहे. आणि या सगळ्या सोहळ्याच्या गाभ्याशी यजमानाचा एकच संकल्प असतो, तो म्हणजे हे पाणी आता सर्व भूतांचे. याला दान म्हणता येत नाही, कारण दानाला घेणारा लागतो आणि येथे घेणारा म्हणून कोणी उभाच नसतो. मालक फक्त आपली मालकी खाली ठेवतो, आणि त्यानंतर तहान लागल्यास इतरांसारखाच ओंजळ घेऊन तळ्यावर येतो.

ही कल्पना भव्य आहे, हे मी मान्य करतो. तरी तिच्यात एक उणीव मला सलते. जे स्वतःचे होते तेच सोडता येते. उषवदाताने सोडलेल्या तळ्यांत ज्यांच्या कुदळी पडल्या, त्यांचे एकही नाव त्या शिळेवर नाही, आणि त्यांच्या घामाचा उत्सर्ग दुसऱ्या कोणाला करता येईल, असे मला वाटत नाही. मातीच्या पाच गोळ्यांचा नियम म्हणूनच मला उत्सर्गाहूनही खोल वाटतो: न्हाणाऱ्याला तो निदान पाच गोळ्यांपुरता खणणारा बनवितो.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी करविलेल्या तळ्याची बाग झाली, आणि १७८४ साली त्या तळ्यातल्या बेटावर स्थापिलेला गणपती पाणी हटले तरी 'तळ्यातला'च राहिला. आमच्याकडची गोष्ट इतकी गोड नाही. धामणीच्या धरणात अडविलेले सूर्या नदीचे पाणी कवडासच्या बंधाऱ्यावरून उजव्या-डाव्या कालव्यांनी डहाणू-पालघरच्या शेतांकडे निघाले; त्याच पाण्यातून वसई-विरार व मीरा-भाईंदर या नगरांना मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर देण्याची योजना पुढे झाली. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्राच्या चरातून समुद्र आत येतो, यंत्रे निववितो आणि कोमट होऊन परत जातो, म्हणजे देवखात क्षणभर मनुष्यखात होते. त्या केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली. सरकारजमा होणे आणि उत्सर्ग होणे या दोन गोष्टी दफ्तरात सारख्या दिसतात, कारण दोन्हींत खाजगी मालकाचे नाव खोडले जाते. परंतु एकीत त्या जागी दुसरे नाव लिहिले जाते, दुसरीत ती जागा कोरीच राहते. विरारच्या पाचव्या मजल्यावर नळ सोडणाऱ्या गृहिणीने कोणत्या तळाची माती उचलावी, हे याज्ञवल्क्याला विचारण्याची सोय नाही.

भाद्रपदात मात्र तो जुना नियम नकळत पाळला जातो. गणपती पाण्यात सोडल्यावर घरातले कर्ते माणूस वाकून तळातली मूठभर माती किंवा वाळू घेते, ती रिकाम्या पाटावर ठेवते आणि मंडळी तोच पाट घेऊन घरी परततात. अलीकडे विसर्जनासाठी कृत्रिम तलाव करतात. त्यांच्या तळाशी ताडपत्री असते. अशा एका तलावाशी मी एका आजोबांना पाहिले. त्यांनी पाण्यात कोपरापर्यंत हात घातला, थोडा वेळ चाचपडले, रिकामी मूठ वर काढली, आणि मग बागेच्या वाफ्यातली चिमूटभर माती उचलून पाटावर ठेवली. नातवाने विचारले, "आजोबा, ही चालते का?" आजोबांनी पाट डोक्यावर घेतला आणि म्हणाले, "चल, उशीर झाला."