नाद वाढतो, शब्द नाही

भोंग्यांचा वाद निघाला की एक प्रश्न हमखास फेकला जातो: देव बहिरा आहे का? टाळ्या मिळवायला तो ठीक आहे, विचार म्हणून कच्चा आहे. देवाला ऐकू जावं म्हणून कोणीच लाउडस्पीकर लावत नाही. कीर्तनकार बुवा माइकपुढे उभे राहतात ते मंडपाच्या टोकाला खांबाशी टेकून बसलेल्या आजींसाठी. इमामाचा आवाज मोठा केला जातो तो शेवटच्या रांगेतल्या नमाज्याला कधी वाकायचं ते कळावं म्हणून. यंत्राचं तोंड पहिल्यापासून माणसाकडेच आहे, तेव्हा विचारायचं ते माणसाबद्दल विचारावं: कुठल्या माणसाकडे, त्याला विचारून की न विचारता, आणि त्याच्यापर्यंत पोचतं ते नेमकं काय? माझं म्हणणं असं की या प्रश्नांची खरी उत्तरं देवस्थानच्या ठरावांत शोधू नयेत. सभामंडपाच्या छताला स्पीकर कसा टांगला आहे ते मान वर करून पाहावं. टांगण्याचं काम मिस्त्रीचं असलं, तरी त्यातले बरेचसे निर्णय धर्माचे आहेत.

वीज येण्याच्या आधीही हे निर्णय घेतले जात होतेच. वारकरी कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात. ते ध्रुपद उचलतात तेव्हा एका गळ्याचं म्हणणं वीस गळ्यांतून मागपर्यंत जातं. मोठ्या जमातीत इमामाची तकबीर मागच्यांसाठी पुन्हा म्हणणारा मुकब्बिर असतो. जुन्या चर्चमध्ये प्रवचनाचं व्यासपीठ भिंतीवर उंच बांधलेलं दिसतं आणि त्यावर अनेकदा लाकडी छत असतं. पाद्रींचा शब्द वर घुमटात विरून जाऊ नये, खाली बाकांवर यावा, हा त्याचा उपयोग. नगारखाना दरवाजाच्या माथ्यावर असतो तो नुसत्या मानासाठी नव्हे. आणि घंटा तर टांगलेला आवाजच. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटाही त्यातलीच मानतात. धर्म बदलला, पण उंच टांगायचं आणि लांब पोचवायचं हे कोणी बदललं नाही. तेव्हा स्पीकर म्हणजे परक्या यंत्राची घुसखोरी, ही तक्रार मला पटत नाही. आवाज उचलून धरणं हे धर्माचं जुनंच काम आहे.

पण उचलून धरला जातो तो काय? यावर मीमांसकांनी फार पूर्वी एक नेमका भेद करून ठेवला आहे. जैमिनींच्या सूत्रांत, अगदी पहिल्या पादात, शब्द नित्य की अनित्य हा वाद येतो. पूर्वपक्षाचा एक मुद्दा मोठा चतुर आहे: एकच शब्द अनेकांनी मिळून उच्चारला की तो मोठा होतो, जे वाढतं ते कोणीतरी केलेलं असतं, म्हणून शब्द नित्य नाही. सिद्धान्ती उत्तर देतो की वाढला तो नाद, शब्द होता तेवढाच आहे. 'गाय' पुटपुटून म्हणा की ओरडून, अर्थाला त्यानं शिंगं फुटत नाहीत. शब्दाचं नित्यत्व नैयायिकांनी मानलं नाही, आपणही मानायची गरज नाही. पण हा भेद नाकारणं कठीण आहे. ॲम्प्लिफायर हे पूर्वपक्षातल्या त्या अनेक माणसांचं यंत्र आहे. तो नाद हवा तेवढा वाढवतो. शब्द पोचवणं हे त्याच्या हातात नाही. ते स्पीकर कुठे, किती उंच आणि कोणत्या कोनात बसवला यावर ठरतं.

दगडी सभामंडपात हे कानांनी तपासता येतं. तिथे प्रत्येक अक्षर उच्चारल्यावर काही काळ घुमत राहतं. स्वरांत जोर असतो, व्यंजनं नाजूक असतात, आणि अर्थ बराचसा व्यंजनांवर टेकलेला असतो. 'कर्म' आणि 'धर्म' यांत फरक आहे तो एका क आणि एका धचा. मागच्या अक्षराच्या घुमण्याखाली नेमकं तेच बुडतं, आणि मागच्या रांगेत 'अर्म, अर्म' एवढंच जातं. मग कोणीतरी हात वर करून 'आवाज वाढवा' म्हणतो. वाढवला की घुमणंही तेवढंच वाढतं, प्रमाण तेच राहतं, आणि प्रवचन कळत नव्हतं ते आता मोठ्यानं कळेनासं होतं. इलाज एकच: आवाजाचा झोत थेट माणसांच्या कानांवर पाडायचा, भिंती आणि छत शक्य तेवढं टाळायचं. म्हणून स्पीकर उंच टांगून खाली झुकवतात.

यात समतेचा एक हिशेब दडलेला आहे, आणि तो मला कुठल्याही प्रवचनापेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. स्पीकर स्टेजच्या कडेला कानांच्या उंचीवर ठेवला, पहिला श्रोता दोन मीटरवर आणि शेवटचा बत्तीस मीटरवर असला, तर अंतर चार वेळा दुप्पट झालं: चोवीस डेसिबलचा फरक. पुढच्यांचे कान किटतात आणि मागच्यांना काही लागत नाही. तोच स्पीकर कानांच्या पाच मीटर वर टांगा. आता पहिला श्रोता सुमारे साडेपाच मीटरवर आला, शेवटचा जवळपास होता तिथेच राहिला. फरक पंधरा-सोळा डेसिबलवर येतो. झोताचा मध्य शेवटच्या रांगांवर धरला तर पुढच्यांवर कडेचा, मंद भाग पडतो आणि फरक आणखी घटतो. बंद मंडपात भिंतींमुळे आकडे बदलतील, दिशा बदलणार नाही. आपल्या देवळांत पुढे कोण बसतं आणि मागे कोण, हे सांगायला नको. मानकरी, देणगीदार, विश्वस्त पुढे. उशिरा येणारी, लेकरू कडेवर असलेली, चपलांपाशी टेकणारी मागे. नवविधा भक्तीत श्रवण पहिलं मानलं आहे. ते सगळ्यांना सारखं मिळावं असं खरंच वाटत असेल, तर ते छताच्या हुकापासून सुरू होतं.

मंडप लांब असेल तर मध्यावर आणखी एक जोडी टांगावी लागते, आणि इथे साउंडवाल्यांची मला सगळ्यात आवडणारी युक्ती येते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तार मात्र तत्काळ. सतरा मीटरवरच्या मधल्या स्पीकरला वेळ लावून दिली नाही, तर तो बुवांच्या आधी बोलतो आणि मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा येतो. म्हणून त्याला पन्नास मिलिसेकंद उशीर देतात, आणि वर मुद्दाम आणखी दहा-पंधरा. कान आधी आलेल्या आवाजाची दिशा खरी मानतो, मागून आलेला थोडा मोठा असला तरी. हेल्मुट हास यांनी १९४९च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवलं. परिणाम असा की डोक्यावरचा खोका काम करत असतो आणि श्रोत्याला मात्र वाटतं, बुवाच बोलताहेत. यंत्रानं स्वतः मागे राहून बोलणाऱ्याला पुढे करावं, एवढी त्याची मर्यादा इथे सांभाळली जाते. शिखरावरच्या कर्ण्यात ती कुठे असते? त्याच्याखालून जाणाऱ्याला कर्णाच ऐकू येतो.

टांगण्यातली आणखी एक गोष्ट कोणाच्याच नजरेला पडत नाही. चाळीस किलोचा खोका दोन सरळ दोरांवर टांगला तर प्रत्येक दोरावर वीस किलो येतात. तेच दोर ताणून फाकवले, आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकावर पूर्ण चाळीस येतात, आणि तेही तिरपे. सरळ ओढीसाठी बनवलेला आय-बोल्ट तिरप्या ओढीला निम्मंही वजन पेलत नाही. म्हणून जाणकार माणूस डोक्यावर टांगायचं सामान प्रत्यक्ष वजनाच्या अनेक पट ताकदीचं घेतो, शॅकलची पिन तारेनं बांधतो, आणि मुख्य टांगणीशी संबंध नसलेली पोलादी सेफ्टी वायर वेगळ्या जागी अडकवतो. ती ढिली सोडत नाही, कारण खोका फूटभर पडून मग अडकला तर तो झटकाच तिला तोडू शकतो. बाइंडिंग वायरचे चार पिळे मारूनही स्पीकर तेवढाच वाजतो, म्हणूनच हे काम टाळलं जातं. खाली माणसं डोळे मिटून बसलेली असतात. ज्यानं हरिपाठाला जागा दिली, पण त्या जागेवर काय लटकतंय ते पाहिलं नाही, त्याच्या अहिंसेवर मी विश्वास ठेवणार नाही.

आता आक्षेप, आणि सगळ्यात वजनदार आक्षेप आधी. रामानुजाचार्यांची कथा प्रसिद्ध आहे: तिरुकोष्टियूरच्या गुरूंनी गुप्त ठेवण्याच्या बोलीवर दिलेला अष्टाक्षरी मंत्र त्यांनी देवळाच्या गोपुरावर चढून सगळ्यांना मोठ्यानं सांगितला. मग उंचावरून सर्वांना ऐकवणं ही करुणाच नाही का? नाम कानी पडावं, ऐकणाऱ्यानं मागितलं नसलं तरी त्याचं भलंच होईल, असं म्हणणारे भाविक लबाड नसतात. त्यांची श्रद्धा खरी असते. पण कथा नीट पाहा. रामानुजांनी दिलं ते लोकांना हवं होतं आणि नाकारलं जात होतं. एकदा सांगून ते खाली उतरले. मुख्य म्हणजे आज्ञाभंगाची किंमत स्वतःच्या माथी घेतली: मी नरकात गेलो तरी चालेल, हे तरतील, अशी त्यांची तयारी होती. कर्ण्याच्या बाबतीत किंमत ऐकणारा मोजतो: रात्रपाळी करून निजलेला, उद्या परीक्षा असलेला, आजारी. दात्यानं पुण्य घ्यायचं आणि भार दुसऱ्यानं उचलायचा, याला दान म्हणता येणार नाही. रामानुजांच्या गोपुराचा दाखला द्यायचाच असेल, तर आधी स्वतःच्या उशाशी कर्णा बांधावा.

दुसरा आक्षेप उत्सवाचा. ढोल-ताशाचा, दिंडीचा आनंद मोजून-मापून होत नाही, आवाज अंगातून जावा लागतो. मान्य. पण ढोल वाजवणाऱ्याचे हात दुखतात आणि दिंडी पुढे सरकते. माणसाच्या दमण्याची मर्यादा त्या आवाजाला आपोआप असते. विजेला दम लागत नाही, म्हणून तिच्या बाबतीत मर्यादा बाहेरून आणावी लागते. ती कायद्यानं आणली आहे: २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा बंदी, आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागासाठी ठरवून दिलेल्या आवाजाच्या पातळीपेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा पंचाहत्तर, यांतलं जे कमी ते. ऐकण्याचा हक्क जसा आहे तसा न ऐकण्याचाही आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली म्हटलं; लाउडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये. न्यायालयाचं काम तिथे संपतं. अत्यावश्यक नसलेली गोष्ट धर्मानं कशी वापरावी, हे धर्माच्या माणसांनीच ठरवायचं आहे.

तिसरा आक्षेप मला थोडा अडवतो. द्वेषाचं भाषणही उत्तम टांगलेल्या स्पीकरवरून उत्तम ऐकू येईल. मग टांगण्यात धर्म कसला? खरं आहे, चांगली टांगणी चांगल्या शब्दाची हमी देत नाही. पण जे स्पष्ट ऐकू येतं त्याला उत्तर देता येतं, त्याचा जाब विचारता येतो. नुसत्या गर्जनेपुढे माणसाला दोनच गोष्टी करता येतात: जमावात सामील व्हायचं किंवा खिडकी लावून घ्यायची. खर्चाचा आक्षेप मात्र फारसा टिकत नाही. घुमणाऱ्या मंडपात नीट रोखलेले दोन-चार छोटे कॉलम स्पीकर अनेकदा दोन अजस्र खोक्यांपेक्षा जास्त कळू देतात, आणि शेजाऱ्यालाही कमी छळतात.

तेव्हा विश्वस्तांना एक विनंती. पुढच्या बैठकीत साउंडचं कोटेशन आलं की किती वॉट हे शेवटी विचारा. आधी विचारा: शेवटच्या रांगेत शब्द कळेल का, कुंपणाबाहेर किती जाईल, आणि सेफ्टी वायर कुठे अडकवणार. ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येत नाहीत, त्याला काम देऊ नका.