रंगाची साक्ष

साक्षीदार खोटें बोलला तर आपण त्यास दोष देतों. परंतु साक्षीदार खरें बोलला आणि ऐकणारानेंच भलतें ऐकलें, तर दोष कोणाचा?

अँडीज पर्वताच्या उतारांवर होणाऱ्या कोका नांवाच्या झुडपाच्या पानांतून जर्मन रसायनज्ञ आल्बर्ट नीमान यानें १८६० च्या सुमारास कोकेन हें उत्तेजक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तें ओळखण्याची प्रचलित रीत सोपी आहे. कोबाल्ट थायोसायनेटच्या गुलाबी द्रावणांत संशयित पूड टाकावी; निळा रंग उमटला कीं संशय बळावतो. पण दंतवैद्य हिरडी बधिर करण्यासाठीं टोचतात तें लिडोकेनहि या द्रावणास निळें करतें. शिंका व खाज थांबविणारें डायफेनहायड्रामीनहि करतें. स्कॉट यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या १९७३ च्या सुधारणेंत आम्ल व क्लोरोफॉर्म यांच्या आणखी दोन पायऱ्या आहेत. त्यांवर कांहीं तोतये गळतात; तथापि ही चाचणी प्राथमिकच. निर्णयासाठीं प्रयोगशाळेंतील सूक्ष्म यंत्रेंच हवींत.

साध्य नसलेल्या ठिकाणींहि जो हेतु आढळतो, त्यास आपले नैयायिक व्यभिचारी म्हणत. अग्नि आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असें म्हणणारापुढें ते तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा ठेवीत: तेथें अग्नि आहे, धूर नाहीं. निळा रंग हा असाच हेतु. लिडोकेन हा तो लोखंडी गोळा. वर्गांत हें उदाहरण मी वर्षानुवर्षें देत आलों. त्याची झळ कधीं कोणास लागली नाहीं.

अमेरिकेंत मात्र ती लागली. टेक्सास राज्यांतील हॅरिस परगण्यांत रस्त्यावरील अशा रंगचाचण्यांच्या आधारें धरलेल्या अनेकांनीं गुन्हा कबूल केला. पुढें प्रयोगशाळेंत तो पदार्थ निषिद्ध नसल्याचें आढळलें, आणि २०१४ व २०१५ या वर्षांत अनेकांच्या शिक्षा रद्द झाल्या. न केलेला गुन्हा मनुष्य कबूल कां करतो? तुरुंगांत खटल्याची वाट पाहत बसण्यापेक्षां कबुली देऊन लवकर सुटणें त्यास बरें वाटतें. आणि रंगलेल्या नळीपुढें आपल्या शब्दास किंमत नाहीं, हेंहि त्यास कळून चुकलेलें असतें.

नळी खोटें बोलली नव्हती. या स्वभावाचें कांहीं तरी आहे, एवढेंच ती म्हणाली. हें तेंच आहे, असें आपण ऐकलें. हा रंग आणखी कशानें आला असता, हें विचारावयास वेळ लागतो. तो वेळ दुसऱ्याच्या स्वातंत्र्याच्या किंमतीनें वाचविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.